दवाचं वजन

नर्मदामाईची शपथ! कमरेइतक्या पाण्यात उभं करून विचारा, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माईनं मला पुढच्या जन्मी ग्वारीघाटाची म्हैस करावं, आणि वर माझं दूध पाणी घालून विकावं. मागे मगरीनं पोस्टमनची सायकल गिळली ती गोष्ट थोडी वाढवली होती, मान्य आहे. सायकल नव्हती, नुसतं टायर होतं. पण ही गोष्ट विनताची आहे, हिच्यात वाढवायला जागाच नाही. असती तर सोडली असती का?

त्या वर्षी पौषात असं धुकं पडलं की बरगीच्या रस्त्यावर ट्रकवाले क्लीनरला पुढे चालायला लावत, आणि क्लीनर हरवला की दुसरा पाठवत. त्या धुक्यात, रस्त्यापासून जरा आत, कालव्याच्या अलीकडे एक घर. लोक अजून त्याला ‘ओव्हरसियर का मकान’ म्हणतात. धरण बांधायच्या वेळी बापू ओव्हरसियर इकडे आले आणि इथलेच झाले. बापू गेले, ओव्हरसियरी गेली, नाव तेवढं भिंतीला चिकटून राहिलं. आता तिथे त्यांचा मुलगा श्रीपाद, त्याची बायको विनता आणि कॉलेजात जाणारी मुलगी प्रणोती.

श्रीपाद रांझीला एका खाजगी वर्कशॉपात होता. तिथे लोखंडाचे बारके पुर्जे बनत आणि ते मापून पास किंवा नापास करायचं काम याचं. केसाएवढा फरक असला तरी पुर्जा परत. घरातही तसाच. वरणात मीठ जास्त झालं तर म्हणायचा, “आज नापास.” दसऱ्यानंतर मालकानं वर्कशॉपला कुलूप घातलं. श्रीपाद दोन महिने रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला. कुणी विचारलं की, “छुट्टी चल रही है.”

डबे रिकामे होऊ लागले तशी विनता निघाली. नेपियर टाउनला एका डॉक्टरीणबाईंना मुलांसाठी शिकवणारी हवी आहे असं तिनं ऐकलं होतं. ठेवणीतली साडी नेसून गेली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, चहा दिला, म्हणाल्या, “दीदी, हमको इंग्लिश वाली चाहिए थी.” विनता चहा पिऊन परत आली.

घराकडच्या वळणावर ऑटोतून उतरली तर टपरीपाशी एक पिकअप उभी. आत बायकाच बायका, चेहरे ओढणीनं बांधलेले, सगळ्या साड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट. मटर तोडून परत आलेल्या. त्यांच्यातली एक, रामकली, हातातल्या नोटा जिभेला बोट लावून मोजून राहिली होती. विनता उभी राहून बघत होती. त्या नोटा, ते बोट, ती जीभ.

“काए दीदी,” रामकली म्हणाली, “चलना है का? भोर में यहीं मिलो.”

विनता हसली आणि मान हलवली. म्हणजे नाही म्हणायलाच हलवली होती. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती तिथे उभी होती.

घरी काय सांगितलं? डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं म्हणून सांगितलं. श्रीपादचा चेहरा असा उजळला की तिला पुढे खरं सांगायची सोयच उरली नाही. संध्याकाळी तो मारुतीच्या देवळात सांगून आला, “आमची विनता नेपियर टाउनला डॉक्टरांच्या मुलांना पढवून राहिली.” आता देवाच्या दारात सांगितलेलं मागे कसं घ्यायचं?

*

मटर तोडणं म्हणजे काय, ते ज्यानं तोडलं नाही त्याला वाटतं बसून करायचं काम. बसूनच करायचं, पण टाचांवर. वेली गुडघ्याएवढ्या. डाव्या हातानं वेल धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखानं देठ कापायचा. ओढलं तर सगळी वेल मुळासकट हातात येते आणि बांधावरून शिवी येते. भरलेलीच शेंग घ्यायची, चपटी सोडायची. सकाळी वेलींवर दव असं असतं की कोपरापर्यंत शर्ट भिजतो, मग वारा सुटतो, मग हात आपले आहेत की शेजारणीचे ते कळत नाही. कंबर दुपारपर्यंत बोलते, दुपारनंतर गप्प होते.

पहिल्या दिवशी विनताची बोरी अर्धीपण भरली नाही. रामकलीनं आपल्या बोरीतल्या दोन ओंजळी तिच्यात टाकल्या आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून तिच्या अंगठ्याला गुंडाळली. “मास्टरनी के हाथ हैं,” म्हणाली, “हफ्ते में मजूर के हो जाएँगे.” शर्टही तिनंच दिला, आपल्या नवऱ्याचा. विनतानं श्रीपादचा आणला नव्हता. घरातून शर्ट कमी झाला तर तो नापास करेल ना.

आणि झाले हात मजुराचे. अंगठ्याचं नख आधी हिरवं झालं, मग काळं. ती राखेनं घासायची, लिंबानं घासायची. एकदा प्रणोतीनं हात धरलाच.

“आई, ये क्या लगा है?”

“शाई.”

“हिरवी?”

“डॉक्टरांच्या मुलांना हिरवीच शाई लागते. बापानं लाल, आईनं निळी, मुलांनी हिरवी.”

“और भिंडी जैसी बास?”

“इम्पोर्टेड आहे,” विनता म्हणाली.

पोरगी बघत राहिली. तिला मराठी समजतं सगळं, बोलते कमी. आईचं खोटंही बहुतेक समजलं असेल. पण त्या दिवशी पानात भाजी होती, पोळीला तेल होतं, आणि ती गप जेवली.

रोजचे पैसे रोज मिळत. विनता ते पदराच्या गाठीतून काढून देवाजवळ ठेवायची. श्रीपाद ते उचलताना म्हणायचा, “विद्येचा पैसा आहे. जपून वापर.”

*

मग एका संध्याकाळी श्रीपाद ओट्यावर नव्हता. आत होता, आणि जुनी वर्कशॉपची बॅग झटकून राहिला होता.

“मला बोलावलं,” म्हणाला. “मटरवाल्या भैयाजींनी. काट्यावर. मुंशी म्हणून.”

भैयाजी म्हणजे शेतंच्या शेतं उभ्या पिकात विकत घेणारा व्यापारी. बायका लावून तोडून घ्यायचा आणि ट्रक भरून बाहेरगावी पाठवायचा.

विनताच्या हातातलं उलथणं तव्यावरच राहिलं. “कुठल्या शेतात?”

“कालव्यापलीकडे. मोठं आहे म्हणे, महिना चालेल. खुर्ची आहे, छत्री लावलेली आहे. भैयाजी स्वतः म्हणाले, मुंशीजी, आप महाराष्ट्रियन आदमी हैं, हिसाब के पक्के, आप बैठेंगे तो औरतें चिकचिक नहीं करेंगी.”

“आणि पगार?”

“सीझन संपला की एकदम. मुंशीला काय रोजानं देतात का? रोजानं मजुराला देतात.”

पोळी करपली. श्रीपाद वास घेऊन हसला. आज नापास म्हणाला नाही. इतका खूश होता.

कालव्यापलीकडचं शेत विनताचंच होतं. म्हणजे त्याच शेतात ती रोज टाचांवर बसत होती. रात्रभर तिनं विचार केला, न जावं. पण न जावं तर देवाजवळ काय ठेवावं? सकाळी तिनं दोन डबे भरले, तेच त्याला, तेच तिला. घडीच्या पोळ्या आणि जवस घालून कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. तो सायकलनं गेला. ती वळणावर पिकअपमध्ये चढली आणि रामकलीला म्हणाली, “आज से मैं गूँगी हूँ.”

“काए?”

“काँटे पे नया मुंशी आया है. तो... तो हमको पहचानता है.”

रामकलीनं तिच्याकडे पाहिलं. बाई हुशार. “उधारी है का?”

“हओ,” विनता म्हणाली. “बड़ी उधारी है.”

ओढणी तिनं डोळ्यांपर्यंत ओढून मागे गाठ मारली. सगळ्याच बांधतात, धूळ, थंडी, आणि ओळखीचं कुणी रस्त्यानं जात असतं म्हणून. तिची गाठ त्या दिवशी अशी बसली की कानशील ठणकायला लागलं.

*

काटा बांधावर होता. खुर्ची, छत्री, काचेच्या ग्लासात चहा. श्रीपाद ताठ बसला होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात राखाडी मफलर. तो मफलर विनतानं विणलेला, रांझीला पहाटेच्या थंडीत जायचा तेव्हाचा. बायका डोक्यावर बोरी घेऊन ओळीत उभ्या. बोरी काट्यावर ठेवायची, श्रीपाद आकडा मोठ्यानं वाचायचा, मग दवाचं वजन कापायचा आणि तेवढ्याचे पत्र्याचे बिल्ले हातावर ठेवायचा. संध्याकाळी बिल्ले देऊन पैसे.

दव कापायचं म्हणजे, सकाळच्या शेंगा ओल्या असतात, पाण्याचा पैसा कोण देईल, म्हणून बोरीमागे थोडं कमी धरायचं. हा सगळीकडचाच रिवाज. फक्त भैयाजींच्या शेतात दव दिवसभर पडायचं. ऊन डोक्यावर आलं, शेंगा हातात तडतडू लागल्या, तरी दव.

विनताची पाळी आली. बोरी उतरवताना तिची मान वाकली ती तशीच राहिली. श्रीपादनं आकडा वाचला.

“नाम?”

मागून रामकली, “बोलती नहीं है, मुंशीजी. गूँगी है बिचारी.”

“अच्छा, गूँगी.” श्रीपादनं काट्यावरून डोळे काढले नाहीत. वर्कशॉपात पुर्ज्याकडे बघायचा तसाच, माणसाकडे बघायची सवयच नव्हती. “दव कट के...” आणि बिल्ले पुढे केले.

त्याची बोटं तिच्या तळहाताला लागली. वीस वर्षांच्या ओळखीची बोटं. तिनं मूठ मिटली आणि शेतात परतली. चालताना तिच्या मनात एकच येत होतं, की इतकं वजन होतं आणि यानं इतकं कापलं. राग यायला पाहिजे होता. लाजच आली. त्याची की स्वतःची, ते काही ठरेना.

घरी तो जेवताना बोलत सुटला.

“बायका लबाड असतात गं. बोरीवर पाणी शिंपतात म्हणे. भैयाजी सांगत होते. पण माझ्यापुढे चालत नाही.”

“दुपारीही दव कापता?” विनतानं पोळी वाढत विचारलं.

श्रीपादचा घास थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

“ऑटोत बायका बोलून राहिल्या होत्या.”

“नियम आहे तो. सगळ्यांना सारखा. तू काहून शेताच्या भानगडीत पडते? तू तुझी पढवायची कामं कर.” मग पुढचा घास मोडत, “एक मुकी आहे त्यांच्यात. तिची बोरी बाकी बघण्यासारखी असते. एक चपटी शेंग नाही, एक पान नाही. माणूस मुका असला की काम साफ करतो.”

प्रणोतीनं आईकडे पाहिलं. विनतानं तिच्या पानात भाजी वाढली, नको असताना.

असेच दिवस गेले. सकाळी दोघं एकाच चुलीवरचे डबे घेऊन दोन दिशांना निघत आणि एकाच शेतात पोचत. तो खुर्चीत, ती चिखलात. तो येता-जाता लोकांचे नमस्कार घ्यायचा, “मुंशीजी, राम राम.” तिला भैयाजी “ए गूँगी, हाथ चला” म्हणायचा. घरात आटा यायचा तो गूँगीच्या बिल्ल्यांचा. मुंशीजींचा पगार सीझननंतर.

*

शेताचा शेवटचा तुकडा उघडायचा दिवस आला. त्या शेतात एक जुनी रीत होती. शेवटच्या तुकड्यात हात घालायच्या आधी तोडणाऱ्या सगळ्या बायकांनी आपापल्या डब्यातला एकेक घास पळसाच्या पानावर ठेवायचा. शेताला भोग. त्यातला पहिला घास काट्यावर बसणाऱ्यानं खायचा, म्हणजे वजनाला बरकत येते. मग बाकीचं बायका वाटून खात.

विनताला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. पान फिरत आलं. कुणाचा भात, कुणाची जाड रोटी, कुणाचा वांग्याचा भर्ता. तिनं डबा मागे सरकवला आणि मान हलवली.

“ऐसे नहीं चलता,” रामकली म्हणाली आणि डबा ओढून तिनंच उघडला. पोळीचा तुकडा तोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि पानावर सगळ्यात वर ठेवून दिलं. बिचारीला वाटलं, गूँगीचं जेवण सगळ्यात देखणं, तेच वर दिसू दे.

हाताची सवय वाईट. विनतानं रोज मनात म्हटलं होतं, इकडच्या बायकांसारखी साधी गोल रोटी करून आणावी. पण कणकेचा गोळा हातात आला की हात आपोआप तेल लावून घडी घालायचा. त्या सगळ्या शेतात, त्या सगळ्या पंचक्रोशीत, घडीची पोळी करणारं घर एकच होतं.

श्रीपादनं हसत हसत घास उचलला. बायका बघत होत्या. “जय नर्मदे,” म्हणाला आणि तोंडात घातला.

विनता वेलींमध्ये बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी. तिनं त्याचं चावणं पाहिलं. एकदा, दोनदा. मग थांबलं. त्यानं पानावर उरलेला तुकडा बोटांनी उचलला. घडी सुटली. वरचा पापुद्रा एकीकडे, खालचा एकीकडे, मध्ये तेलाची चमक. त्यानं खुर्चीखालचा आपला डबा पाहिला. उघडला नाही. उघडायची गरज काय? आत तेच होतं.

“कैसा है, मुंशीजी?” रामकलीनं विचारलं.

“तिखट,” श्रीपाद म्हणाला. मराठीत. मग घास गिळला. तो घास घशातून खाली उतरताना विनताला लांबून दिसला, नर्मदेची शपथ, अजगराच्या पोटात बकरी दिसते तसा.

त्यानं बायकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. एकेक चेहरा, म्हणजे एकेक ओढणी. विनतानं डोळे मिटले. तिला वाटलं, मिटले तर दिसणार नाहीत. उघडले तेव्हा तो काट्याकडे बघून राहिला होता.

*

दुपारी तिची पाळी आली तेव्हा भैयाजी तिथेच उभा, दात कोरत. विनतानं बोरी ठेवली. श्रीपादनं आकडा वाचला. आवाज नेहमीचाच होता, नको इतका नेहमीचा.

“नाम?” त्यानं विचारलं.

आता हे काय विचारणं झालं? रोज ‘गूँगी’ म्हणत होता. रामकली मागून काही म्हणायच्या आत त्यानं दव कापलं. नेहमीपेक्षा जास्त कापलं. भैयाजी बघून राहिला होता, कुणाला वाटायला नको की या बाईकडे याचं काही आहे, म्हणून जास्त. बिल्ले पुढे केले तेव्हा त्यानं तिच्या तळहाताला हात लागू दिला नाही. वरूनच सोडले. एक बिल्ला खाली पडला. ती वाकली, तो उचलला, ट्यूब गुंडाळलेल्या अंगठ्यानं. श्रीपादनं तो अंगठा पाहिला.

संध्याकाळी घरात तिघं जेवायला बसली. श्रीपादनं पोळी उलगडली, पापुद्रे सोडवले, परत मिटली, खाल्ली नाही.

“आज नापास?” विनतानं विचारलं. थट्टेनंच विचारलं, सवयीनं. आणि विचारल्यावर तिचे कान तापले.

“नाही,” तो म्हणाला. “नाही गं.”

प्रणोती म्हणाली, “क्या हुआ है आप दोनों को?” मग श्रीपाद उठला, चुलीवर पाणी ठेवलं, कोमट झाल्यावर बादलीत ओतून त्यात मीठ टाकलं आणि ती बादली विनताच्या पायांपाशी आणून ठेवली. “थंडी आहे,” म्हणाला. “नेपियर टाउनला जाऊन-येऊन पाय दुखत असतील.”

“हो ना,” विनता म्हणाली. “ऑटोत फार दाटी असते.”

तिनं हात बादलीत घातले. पाण्यात नखं काळीच्या काळीच. तो पाठ करून उभा राहिला, तिला हात नीट धुता यावे म्हणून.

सकाळी तिनं दोन डबे भरले. तो सायकलवर बसता बसता म्हणाला, “डॉक्टरीणबाईंना सांग, जरा लवकर सोडत जा म्हणावं.”

“सांगते,” ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी धुकं लवकर उठलं. ऊन असं पडलं की बायकांनी शर्टांच्या बाह्या दुमडल्या. पहिली बोरी रामकलीची. श्रीपादनं आकडा वाचला आणि तेवढ्याचे सगळे बिल्ले दिले. रामकली बिल्ले हातात घेऊन तशीच उभी.

“भूल गए, मुंशीजी. दव.”

“दव नाही,” श्रीपाद म्हणाला. “सूखा है माल.”

दुसरी बोरी, तशीच. तिसरी. ओळीत कुजबुज झाली. भैयाजी ट्रकपाशी होता, तो चालत आला. ओरडला नाही. श्रीपादच्या खांद्यावर हात ठेवला.

“का बात है, बड्डे? तबियत ठीक है?”

“भैयाजी, धूप है. दव नहीं है. तो क्या काटूँ?”

“जो रोज काटते हो, वही काटो.”

“रोज...” श्रीपादनं मफलर सैल केला. “रोज चुकलं माझं.”

“देखो मुंशीजी. आपको कुर्सी दी, चाय दी, इज्जत दी. काहे के लिए दी? पुर्जा है का ये? मटर है, मटर. और ये...” त्यानं ओळीकडे हात केला. “इन औरतों के पीछे काहे पड़े हो? आपके घर की हैं क्या?”

विनता ओळीत होती. बोरी तिच्या डोक्यावर होती, मान हलवता येत नव्हती. पण कान उघडे होते. सगळी बोरी कानांवर आल्यासारखं झालं. आता हा काय म्हणतो? ‘हो’ म्हणाला तर देवळात, गावात, ओव्हरसियरच्या घरात उद्यापासून काय उरेल? आणि ‘नाही’ म्हणाला तर? तिला तेव्हा कळलं की ‘हो’ची भीती आपल्याला ‘नाही’च्या भीतीपेक्षा जास्त नाही. ‘हो’ म्हणावं असं वाटून राहिलं होतं. अख्ख्या शेतासमोर म्हणावं.

श्रीपादनं काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर. तो उभा राहिला. तोंड उघडलं. मग मिटलं. खुर्चीखालचा डबा उचलला, बॅगेत घातला, सायकलला बॅग लावली आणि बांधाबांधानं निघून गेला. हो नाही आणि नाही नाही.

“पगार-वगार भूल जाना, मुंशीजी!” भैयाजी मागून म्हणाला. मग आपल्या भाच्याला हाक मारून खुर्चीत बसवलं. भाच्यानं पहिली बोरी विनताची तोलली. दव कापलं, आधीच्या बोऱ्यांचं सुटलेलं आणि तिचं मिळून.

त्या संध्याकाळी श्रीपाद ओट्यावरही नव्हता, देवळातही नव्हता. कालव्यावर बसून राहिला होता म्हणे. उशिरा आला. विनतानं ताट वाढलं. “काम सुटलं,” तो म्हणाला. “बरं,” ती म्हणाली. एवढंच. देवाजवळ तिनं दिवसाचे पैसे ठेवले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला, पण आज विद्येचा पैसा म्हणाला नाही. म्हणाला, “यातले प्रणोतीच्या स्वेटरला ठेव,” आणि हात न लावता झोपायला गेला.

भैयाजीचं शेत संपलं. रामकलीनं पिकअप पुढच्या गावाला वळवायला लावली. दुसरं शेत, दुसरा व्यापारी, दुसरा काटा. दव तेच.

तिथे दुसऱ्याच दिवशी, बायका ओळी धरून बसल्या होत्या, तर बांधावर एक सायकल आडवी पडली. एक गडी उतरला आणि विनताच्या शेजारच्या ओळीत टाचांवर बसला. सगळ्या बायकांनी वळून पाहिलं, पुरुष ओळीत बसला म्हणून. श्रीपादच होता. तोंड उघडं, गारव्यानं नाक लाल, कुणी काही म्हणो. पहिल्याच झटक्यात त्यानं वेल मुळासकट उपटली आणि बांधावरून शिवी आली. त्यानं ती खाल्ली. विनतानं न बघता हात लांब केला, त्याचा अंगठा धरला आणि आपल्या अंगठ्याची ट्यूबची पट्टी सोडून त्याच्या अंगठ्याला गुंडाळली. “नखानं,” हळूच म्हणाली. “ओढू नका, कापा.”

“कौन बोला?” सगळं माहीत असून रामकली पलीकडून किंचाळली. “गूँगी बोली! ए माई, गूँगी बोली!”

बायका हसल्या. दोघं मान खाली घालून तोडत राहिली. दुपारी बांधावर एकच डबा उघडला, घडीच्या पोळ्यांचा, आणि काट्यावर दोघांच्या बोरीचं दव कापलं गेलं, सारखंच.

झाली गोष्ट. आता काय बघताय माझ्याकडे असं? शपथ घेतली ना. नर्मदामाईची घेतली.

बरं, एक. एकच आहे. श्रीपादचं तोंड उघडं नव्हतं. बांधलेलं होतं, त्याच राखाडी मफलरनं, डोळ्यांपर्यंत, मागे घट्ट गाठ मारून. मला ते सांगवेना, म्हणून उघडं म्हटलं. विनतानं मफलरावरूनच ओळखला त्याला. मीठ टाकलेली बादली खरी, अंगठ्याची पट्टी खरी, दवही खरंच. तोंड तेवढं मी सोडवलं.

म्हैस तर म्हैस.